मान हलवू नये

'थुंकू नये', 'चपला बाहेर काढाव्यात', 'येथे गाड्या लावू नयेत' असल्या पाट्या आपण सगळ्यांनीच वाचलेल्या असतात. 'मान हलवू नये' ही पाटी मात्र मी आयुष्यात एकाच ठिकाणी पाहिली. बेळगावात खासबागेत, साड्यांच्या एका दुकानाच्या डोक्यावर, पहिल्या मजल्यावर आमच्या सरांची ट्युशनची कंपनी होती. तिथल्या दोन्ही वर्गांत फळ्याच्या बरोबर वर ही पाटी लावलेली होती. कन्नडमध्ये, मराठीत आणि इंग्रजीत. कुठल्याच माध्यमाच्या पोराला पळवाट राहू नये, म्हणून.

सरांचं म्हणणं असं, की देशातलं सगळं शिक्षण या मान हलवण्यानं बिघडलेलं आहे. मास्तर विचारतो, समजलं का? पोरं मान हलवतात. मास्तर खूश, पोरं मोकळी. "मुंडी हालवणं म्हंजे समजणं न्हवं, मॅडम," मुलाखतीतच त्यांनी मला सांगितलं. "आमच्या दारात नंदीबैल यायचा. तो बी हालवायचा. त्याला काय भूमिती येत हुती?"

मी एम.एस्सी. गणित. नंदीबैलाच्या भूमितीवर काय बोलावं हे मला अभ्यासक्रमात नव्हतं. मी मान हलवली. सरांनी समोरच्या टेबलावरची शाळेतली पितळी घंटा उचलली आणि ठण्‌कन वाजवली.

ती घंटा ही कंपनीची खरी मॅनेजर. पोरांनी मान हलवायची नाही, तसं आम्ही शिक्षकांनी 'समजलं का?' विचारायचं नाही, हा दुसरा नियम. सर आपल्या केबिनमध्ये कान टवकारून बसलेले असत. वर्गातून 'समजलं का?' ऐकू आलं की घंटा. घंटा झाली की शिक्षकानं खडू खाली ठेवून वर्गाबाहेर जायचं, पुन्हा आत यायचं आणि मुद्दा पहिल्यापासून सुरू करायचा. पहिल्या दिवशी एका तासात मी सात वेळा वर्गाबाहेर गेले. पोरांना वाटलं, मॅडमचं पोट बिघडलंय. मग मी 'लक्षात आलं?' म्हणून बघितलं. घंटा. 'बरोबर ना?' घंटा. शेवटी दमून नुसतं 'हं?' केलं, तर घंटा तर झालीच, शिवाय केबिनमधून आवाजही आला, "हंसुद्धा न्हाय, मॅडम."

पोरं मात्र सरावलेली होती. दुसऱ्या कुठल्याही शाळेतली पोरं नवीन मॅडम आली की खिदळतात. ही सगळी ताठ मानेनं माझ्याकडं बघत बसली होती. मला आधी वाटलं, गावात मान आखडण्याची साथ आलीय.

सर दिसायला किरकोळ. वय साठीच्या आसपास. अंगात अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट, पायात चपला आणि गळ्यात मरून रंगाचा टाय. हा टाय त्यांनी पूर्वी कधीतरी कुणाकडून तरी बांधून घेतला होता आणि तो पुन्हा कधीही सोडला नव्हता. रात्री खिळ्याला अडकवायचा, सकाळी डोक्यातून आत घालायचा. टाय का, तर ही कंपनी आहे म्हणून. 'क्लास' हा शब्द त्यांच्यासमोर काढायची सोय नव्हती. "क्लास गल्लीत असत्यात. ही कंपनी हाय. प्रायव्हेट लिमिटेड." या कंपनीत ते स्वतः मॅनेजिंग डायरेक्टर, आम्ही चार शिक्षक, दोन खोल्या आणि एक असा पंखा, जो गरम व्हायला लागला की बंद करून त्याला विश्रांती द्यावी लागे.

कुणी पालक विचारायचे, "त्या नव्या क्लासात मोठी स्क्रीन हाय म्हणं. तुमच्यात हाय का?"

"हाय की," सर म्हणायचे. "तुमच्या घरात बसलीया. पोराची आई."

इथं तिसरा नियम सांगायला हवा, कारण बाकीचे दोन नुसते चमत्कारिक होते. झोप उडवणारा होता तो हा. मान हलवायची नाही, समजलं का विचारायचं नाही, मग पोराला समजलंय हे कळणार कसं? तर आईला विचारून. आठवडाभर जे शिकवलं ते पोरानं घरी जाऊन आईला समजावून सांगायचं. रविवारी सर एका शिक्षकाला स्कूटरच्या मागं बसवून, कुणालाही न सांगता, त्याच्या चार-पाच पोरांच्या घरी जाणार. पोराला बाहेर पाठवणार. आईला विचारणार. आईनं जे सांगितलं त्यावर दहापैकी गुण, आणि ते गुण पोराला नाहीत, आईलाही नाहीत, शिक्षकाला.

हे त्यांच्या डोक्यात कुठून आलं ते कुणालाच माहीत नव्हतं. मला त्यांनी सांगितलं, परदेशात आता सगळीकडं हेच चालतं. आमच्या विज्ञानाच्या परशराम सरांना सांगितलं होतं, लहानपणी आमच्या मास्तरांनी असंच केलं. एका पालकाला तर माझ्यासमोर सांगितलं, की हे मला स्वप्नात दिसलं. तो पालक ताबडतोब नाव नोंदवून गेला.

परशराम सर कंग्राळीचे. सकाळी शेत, दुपारी म्हशी, संध्याकाळी विज्ञान. त्यांच्यामुळं मला या रविवारांचा इतिहास कळला. एकदा कंग्राळीतच एका घरी सरांनी आईला विचारलं, झाड अन्न कसं तयार करतं? बाई हातातलं तांदूळ निवडायचं सूप खाली ठेवून म्हणाली, "झाडाची चूल पानात असतीया. ऊन हे त्याचं सरपण. सावलीत ठिवलं की चूल इझती, मग झाड उपाशी मरतंय." सरांनी त्या बाईला हात जोडले. परशराम सरांना दहा गुण पडले आणि पुढचा महिनाभर त्यांनी आम्हाला ते ऐकवलं.

भूगोलाच्या मॅडमचं नशीब तसं नव्हतं. शहापुरात एका आईला विचारलं, पृथ्वीचं काय शिकवलंय? त्या म्हणाल्या, "फिरती म्हणं. मला तर काय जाणवत न्हाय." सरांनी शून्य लिहिलं, पण तेवढ्यावर थांबवलं असतं तर ते सर कसले. त्यांनी तव्यावरची भाकरी बोटानं फिरवून, चुलीला सूर्य करून, दिवस आणि रात्र समजावून सांगितली. भाकरी जळून काळी झाली. बाई म्हणाल्या, "आता रात्र झाली, व्हय?" सर तिथून समाधानानं उठले.

चिडणारे पालकही असायचे. एक गृहस्थ केबिनमध्ये येऊन ओरडले, "आम्ही पोराला पाठवतोय, बायकोला न्हाय!" सर शांतपणे म्हणाले, "बरोबर हाय. मग ह्या रविवारी तुम्ही उत्तर द्या." गृहस्थ म्हणाले, रविवारी मी गावात नसतो. "होगली बिडरी," सर म्हणाले. जाऊ द्या, सोडून द्या, हे ते नेहमी कन्नडमध्येच म्हणायचे. मराठीत सोडून दिलं की ते पुरतं सुटत नाही, असा काहीतरी त्यांचा समज असावा.

आता माझं. मला तीन महिने प्रोबेशन होतं. त्यानंतर एकतर पक्की, नाहीतर नमस्कार. आणि ते पक्कं होणं मला अगदी जीवनमरणाचं होतं, कारण उचगावला आमच्या घरी आप्पांनी मुदत घातली होती. पाडव्यापर्यंत नोकरी पक्की झाली तर ठीक, नाहीतर गडहिंग्लजच्या स्थळाला होकार कळवायचा. मुलगा वाईट असेल असं नाही. फोटोत तो एका मोटारसायकलवर बसला होता आणि मला उगीचच वाटत होतं, की ती मोटारसायकल त्याची नाही.

पण मुदतीपेक्षा मोठी भानगड मी स्वतः करून ठेवली होती. घरी मी सांगितलं होतं, कंपनीत लागले. यात खोटं काहीच नव्हतं. कसली कंपनी ते आप्पांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. उरलेली कंपनी त्यांनी स्वतः उभी केली. पहिल्या आठवड्यात तिला एसी बसला. पंधरा दिवसांत कँटीन निघालं. मी दुपारच्या बसनं जाऊन संध्याकाळी येते, म्हणजे सेकंड शिफ्ट, हेही त्यांनीच लोकांना समजावलं. महिन्याभरानं देवळाच्या कट्ट्यावर एका म्हाताऱ्यानं मला विचारलं, "तुझ्या हाताखाली किती माणसं गं?" मी म्हटलं, पस्तीस. आठवी आणि नववी मिळून तेवढी होती.

खरं सांगायला काय हरकत होती? हरकत एवढीच, की एम.एस्सी. करून ट्युशन घेते म्हटलं की आमच्याकडं लोक 'बरं बरं' म्हणतात. त्या 'बरं बरं'मध्ये नोकरी लागेपर्यंत काहीतरी करते बिचारी, असं सगळं असतं. ते मला आप्पांच्या तोंडून ऐकायचं नव्हतं. मला शिकवायला आवडत होतं, आणि आवडती गोष्ट कुणी 'बरं बरं' म्हणून बाजूला ठेवली की माझं डोकं फिरतं.

आईला तरी सांगायचं. पण आईला सांगितलं की आप्पांना कळणार, म्हणून तेही नाही. संध्याकाळी ती भाकऱ्या थापायला बसली की मी चुलीपुढं बसून उद्याच्या तासाचं मनातल्या मनात घोळवायची. मनातलं तोंडात यायचं. आई हं हं करायची. मी काय पुटपुटतेय ते ती कधी विचारत नसे.

प्रोबेशनचे शेवटचे पंधरा दिवस उरले आणि माझ्या वाटणीला भाग्यश्री आली. म्हणजे ती वर्गात आधीपासून होती, पण तिचं घर सरांच्या रविवारच्या यादीत आलं. भाग्यश्री आठवीतली, वडगावच्या विणकरांची मुलगी. ती बोलायची नाही. हजेरीला हात वर करायची, शंका असेल तर वहीवर बोट ठेवायची, आणि बाकी वेळ ताठ मानेनं फळ्याकडं बघत बसायची. सरांच्या कंपनीला अगदी आदर्श विद्यार्थिनी, फक्त तिला काय कळतंय ते देवालाच ठाऊक. ही मुलगी घरी जाऊन आईला काय सांगणार? आणि आई सरांना काय सांगणार? त्या आठवड्यात मी शिकवलं होतं, ऋण गुणिले ऋण बरोबर धन का. भल्याभल्यांना ते आयुष्यभर पाठच असतं, कळलेलं नसतं. मला समोर गडहिंग्लज दिसायला लागलं.

मग मी जे केलं त्याची मला अजून लाज वाटते. शनिवारी सकाळीच, कंपनीत जायच्या आधी मी वडगावला भाग्यश्रीच्या घरी गेले. भाग्यश्री शाळेत होती. घरात शिरलं की समोरच दोन माग, आणि त्यांचा आवाज एवढा, की आपलं बोलणं आपल्याला ऐकू येत नाही. तिची आई मागापाशी उभी होती. तिनं हातानंच मला विचारलं, काय? मी हातानंच सांगितलं, माग थांबवा. तिचे वडील दुसऱ्या मागावरून हातानंच म्हणाले, चहा टाक. त्या घरात सगळेच असं बोलत होते. मी ते बघितलं आणि त्यातून काहीही शिकले नाही.

फरशीवर मी खडूनं संख्यारेषा काढली, शून्य मध्ये, दोन्ही बाजूंना दहापर्यंत आकडे. ऋण म्हणजे दिशा बदलणे, हे समजावायला गेले. बाईंचं लक्ष थांबलेल्या मागाकडं. मग मी समजावणं सोडलं आणि सरळ एक वाक्य दिलं. 'ऋण म्हणजे दिशा बदलणे. दिशा दोनदा बदलली असता मूळ दिशा प्राप्त होते.' ते मी दोन तास त्यांच्याकडून घोकून घेतलं. शेवटी त्यांनी माग पुन्हा सुरू केला आणि खटाक् खटाकच्या तालावर म्हणायला लागल्या. तालावर ते चांगलं बसलं. निघताना मला वाटलं, दहापैकी आठ तरी.

रविवारी मला स्कूटरच्या मागं बसवून सर तिथं आले. टाय, चपला, काखेत फाइल. मागाचा आवाज थांबला. भाग्यश्रीला बाहेर पाठवलं, ती उंबऱ्यापाशी उभी राहिली. घडी घातलेल्या साड्यांचा एक ढीग तिथंच होता.

"आक्का," सर म्हणाले, "ऋणला ऋणनं गुणलं की धन का येतंय?"

बाईंनी एक दीर्घ श्वास घेतला आणि पायानं ताल धरून सगळं वाक्य न अडखळता म्हणून टाकलं. 'प्राप्त होते'ला आल्या तेव्हा माझा ऊर भरून आला.

"व्वा," सर म्हणाले. "आता तुमच्या बोलीत सांगा."

बाईंनी सरांकडं बघितलं, मग माझ्याकडं. "मॅडमनी एवढंच सांगिटलंय की."

"मॅडमनी? कवा?"

"काल आलत्या की. दोन तास बसून पाठ करून घेटलं. लई कष्टाळू हाईत बघा, पाणीसुदिक घेटलं न्हाय."

मी खाली बघितलं. खाली माझी संख्यारेषा तशीच होती. माझ्या साताच्या पोटात मी नेहमी एक आडवी रेघ मारते, आणि कंपनीतल्या सगळ्यांना ती ठाऊक आहे. सरांनीही खाली बघितलं. साताकडं त्यांनी बराच वेळ बघितलं.

तेवढ्यात भाग्यश्री उंबऱ्यावरून आत आली. तिनं ढिगातली वरची साडी उचलली. सुलटी बाजू सरांना दाखवली. साडी उलटी केली, उलटी बाजू दाखवली. पुन्हा उलटी केली. सुलटी बाजू वर आली. तिनं ती साडी ढिगावर ठेवली, आणि पुन्हा जाऊन उंबऱ्यापाशी उभी राहिली. तोंडातून एक शब्द नाही.

"हे व्हय!" तिची आई म्हणाली. "आठवडा झाला ओ, रोज माझ्याफुडं साडी उलटीपालटी कराली हुती. मला वाटलं खेळ करतीया, दोनदा रागंबी भरले. हेच सांगालीस व्हय गं?"

भाग्यश्रीनं मान हलवली. त्या दिवशी सरांनी घंटा आणलेली नव्हती.

त्यांनी फाइल उघडून लिहिलं, मला दिसेल असं. माझ्या नावापुढं शून्य. त्याच्याखाली, जिथं फक्त शिक्षकांचीच नावं असत त्या रकान्यात नवीन रेघ ओढून, भाग्यश्री, दहा.

परत येताना टिळकवाडीचं रेल्वे गेट लागलं. गेट बंद होतं. त्यांनी स्कूटर बंद केली आणि पुढंच बघत म्हणाले, "मॅडम, पोरीला येत हुतं. भरवसा तुमास्नी न्हवता."

"चुकलं, सर."

"होगली बिडरी."

मी श्वास सोडला. तो पुरता सुटायच्या आत ते म्हणाले, "फुडच्या रविवारी तुमच्या घरी येतो. उचगावला."

"माझ्या घरी? सर, माझ्या घरी कुणी शिकायला नाहीय."

"तुम्ही हाईसा की. तीन म्हैने माझ्याकडं शिकालासा. काय शिकलासा ते आईला विचारतो. मग पक्कं का न्हाय ते ठरवू."

गाडी धडधडत गेली आणि मी काय म्हणाले ते मलाही ऐकू आलं नाही.

परशराम सरांना विचारलं, तर ते म्हणाले, सगळ्यांचं असंच होतं. त्यांच्या आईला सरांनी विचारलं होतं, तुमचा लेक आमच्याकडं काय करतो? ती म्हणाली होती, "म्हशी राखायचं टाकून पोरं राखतोय." जागच्या जागी पक्के. "तुम्ही घरी सांगिटलंयसा न्हवं का?" त्यांनी विचारलं. मी नुसतं हसले.

तो आठवडा मी घरात चोरासारखी वावरले. रोज ठरवायची, आज सांगायचं. एकदा तर अर्ध्यापर्यंत गेले. "आई, आमची कंपनी म्हणजे ना..." एवढं म्हटलं तोच बाहेरून आप्पा कुणाला तरी सांगायला लागले, "तिथं लिफ्ट बी हाय." मी चुलीतलं लाकूड पुढं सारलं. शनिवारी एवढंच सांगता आलं, की उद्या आमचे डायरेक्टर घरी येणार आहेत.

रविवारी सकाळी अंगणात पाच खुर्च्या मांडलेल्या. आप्पांनी धुतलेला शर्ट घातला होता. कट्ट्यावरचे दोन म्हातारे येऊन बसले होते, त्यांतला एक 'हाताखाली किती माणसं'वाला. शाल आणि नारळ ताटात तयार. आणि मग रस्त्यावरून फटफट करत सरांची स्कूटर आली.

"गाडी मागनं येतीया वाटतं," आप्पा म्हाताऱ्यांना म्हणाले.

सर उतरले. गाडी मागून आली नाही. आप्पांनी पुढं होऊन शाल उघडली, तर सर म्हणाले, "ऱ्हाऊ दे, आप्पा. आई कुठं हाईत?"

"ती गोठ्यात हाय. तुम्ही बसा तरी. पोहे भिजत घातल्यात."

"परीक्षा झाल्याबिगर मी खात न्हाय."

"कसली परीक्षा?" आप्पांनी माझ्याकडं बघितलं. मी खुर्च्या मोजत होते.

सर सरळ गोठ्यात गेले. मागून मी, मागून हातात शाल घेतलेले आप्पा, मागून दोन म्हातारे. आई म्हशीच्या बुडातलं शेण काढत होती. टाय घातलेला माणूस आमच्या गोठ्यात प्रथमच आला असावा, कारण म्हशीनं वैरण सोडून टाय हुंगायला सुरुवात केली. सरांनी टाय खांद्यावर टाकला.

"आक्का, मी तुमच्या लेकीच्या कंपनीतनं आलोय. एकच विचारतो. तुमची लेक आमच्याकडं काय करती?"

"ती न्हवं का, एसीत..." आप्पांनी सुरू केलं.

"आप्पा, शेजाऱ्यानं सांगायचं न्हाय," सर म्हणाले.

मला आईकडं बघायची हिंमत झाली नाही. आता ती म्हणणार, कंपनीत असती, आणि सर विचारणार, म्हणजे काय करती, आणि ती गप्प होणार. सरांच्या नियमानं माझं शून्य होणार, आप्पांच्या नियमानं गडहिंग्लज. दोन्ही माझ्याच करणीनं.

आईनं शेणाचा हात गोणपाटाला पुसला. "पोरास्नी गणित शिकवती," ती म्हणाली.

मी वर बघितलं. "आई, तुला कुणी सांगिटलं?"

"कुणी कशाला सांगाय पायजे? तुझी ओढणी कोण धुतंय? रोजचा खडू. कंपनीत कुठं खडू उडतोय गं?"

"मग तीन महिने बोलली का न्हाईस?"

"तू सांगशील म्हटलं."

ती रागावून म्हणाली असती तर बरं झालं असतं. तिनं ते अगदी साधं म्हटलं, आणि मला सगळ्यांच्या देखत रडू फुटलं. तीन महिने रोज ती माझ्यासमोर बसून भाकऱ्या थापत वाट बघत होती, आणि मी तिच्यासमोर भिंतीशी बोलल्यासारखी पुटपुटत होते.

"म्हंजे एसी न्हाय?" आप्पांनी सरांना हळूच विचारलं.

"पंखा हाय," सर म्हणाले. रडण्याचा त्यांच्यावर काही परिणाम होत नसे. "आक्का, गणित कसलं? एकांदं सांगा."

"मला कुठलं येतंय? शाळंचं तोंड बघितलं न्हाय मी."

"रोज कानावर येत असंल की."

आई जरा थांबली. मग तिनं म्हशीच्या गळ्यातलं दावं धरलं. "हीच बघा. आता हिचं तोंड गव्हाणीकडं हाय. ही वळीवली." तिनं खरोखरच म्हैस वळवली. आम्ही सगळे मागं सरकलो. "तोंड दाराकडं आलं. परत वळीवली." म्हैस नाराजीनं पुन्हा वळली. "परत गव्हाणीकडं. उणं म्हंजे वळीवणं. दोनदा वळीवलं की हुतं तिथंच आलं. ही पोरगी मागल्या आठवड्यात चुलीम्होरं बसून उण्याला उणं, उण्याला उणं, असं दहादा म्हणाली. मी भाकरी थापता थापता मनात म्हटलं, असलं काय अवघड हाय त्यात?"

म्हशीनं वैरणीत तोंड घातलं. सरांनी फाइल उघडली. ती म्हशीच्या पाठीवर ठेवून त्यांनी गुण लिहिले. दहा. त्याच्याखाली त्यांनी लिहिलं, 'पक्की', आणि सही केली.

आप्पांनी ते वाकून वाचलं. उभे राहिले. शालीची घडी नीट केली, खाकरले. "गडहिंग्लजला न्हाय म्हणून कळवायला पायजे," ते म्हाताऱ्यांना म्हणाले. "पोरगीची नोकरी पक्की झाली. शिकवायच्या कंपनीत हाय ती. पस्तीस पोरं हाईत हाताखाली." 'बरं बरं' कुणीच म्हणालं नाही. नंतर त्यांनी ती शाल मला न विचारता माझ्याच खांद्यावर टाकली.

आईचं मात्र समाधान झालं नव्हतं. एवढी म्हैस दोनदा वळवून दाखवली, आणि हा टायवाला माणूस नुसता लिहितोय. तिनं दावं सोडलं, कमरेवर हात ठेवला आणि सरांच्या डोळ्याला डोळा लावून विचारलं,

"समजलं का ओ?"

माझे कान सवयीनं घंटेकडं लागले. पण घंटा खासबागेत, टेबलावर होती. सरांनी आमच्या गोठ्यात, पाच माणसं आणि एका म्हशीसमोर, आठवीतल्या पोरासारखी मान हलवली.